केसाळ कॉलर : कृत्रिम फरविषयी एक पाठ

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसतिगृहाच्या दारात गरम कपड्यांचे एक भले मोठे गाठोडे येऊन पडले. शाळेच्या एका हितचिंतक कुटुंबाचे नातलग परदेशी असतात; तिकडे मुलांना आखूड झालेले, पण अजून धडधाकट असलेले कपडे त्यांनी जमवून पाठविले होते. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात थंडी मुंबईपेक्षा अंमळ अधिकच बोचते, आणि पहाटेच्या वंदनेला उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलांना ती चांगलीच ठाऊक आहे. गाठोड्यात बारा जाकिटे निघाली. बाराही जाकिटांच्या टोपीला कडेने मऊ, केसाळ पट्टी शिवलेली होती. मुलांनी त्या पट्टीवर गाल घासून पाहिले, एकमेकांच्या मानेला गुदगुल्या करून झाल्या, आणि मग सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे केस कोणाचे आहेत?"

आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. तिचा प्रश्न नीट पाहिला तर फार खोल आहे. हे केस 'कशाचे' आहेत असे तिने विचारले नाही. 'कोणाचे' असे विचारले. त्या एका शब्दामुळे विज्ञानाच्या तासाला सुरू झालेला पाठ समाजशास्त्रात गेला, तेथून नदीकाठी गेला आणि शेवटी विनयपिटकापाशी येऊन थांबला. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना तो वाचावयास आवडेल, असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

आरंभ काडेपेटीने झाला. प्रत्येक जाकिटाच्या पट्टीतून चार-सहा केस उपटून घेतले, चिमट्यात धरले आणि खाली पाण्याचे ताट ठेवून त्यांना ज्योत दाखविली. (घरी करून पाहणाऱ्यांनी ताट विसरू नये, कृत्रिम धागा वितळून टपकतो आणि कातडीला चिकटतो.) प्राण्याचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. आपले केस, नखे, मेंढीची लोकर, कोंबडीचे पीस, सारे त्याच घराण्यातले. ते जळाले की न्हाव्याच्या दुकानात केस जळाल्यावर येतो तोच उग्र वास येतो, आणि मागे जी राख राहते ती बोटांनी सहज चुरडते. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचा केस ज्योतीपासून आखडतो, वितळतो, प्लास्टिकसारखा वास देतो आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी बनतो. मात्र एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण मेंढीची लोकरही केसासारखीच जळते, आणि लोकर काढताना मेंढीला मारावे लागत नाही. म्हणून दुसरी खूण पाहावी लागते. केस दोन्ही हातांनी बाजूला सारून मुळाशी काय आहे ते पाहावे. कृत्रिम फर असेल तर तळाशी विणलेले कापड दिसते आणि केस त्याच्या टाक्यांतून वर आलेले असतात. खरी फर असेल तर तळाशी कातडे असते.

अकरा जाकिटांचे मणी झाले. बाराव्याला केस जळाल्याचा वास आला. मुळाशी पाहिले, कातडे होते.

वर्ग एकदम गप्प झाला. त्या बाराव्या जाकिटाकडे आम्ही शेवटी येऊ.

फर म्हणजे प्राण्याचे केसांसकट कमावलेले कातडे. आपल्या हवेला त्याची गरज नाही आणि मराठी माणसाच्या पेहेरावात त्याला कधी जागा नव्हती, हे खरे. पण प्राण्याचे कातडे आपल्याला अगदीच परके होते असेही नाही. मृगाजिन आणि व्याघ्रांबर हे शब्द आपल्या भाषेतलेच आहेत. खंडोबाच्या वाघ्याच्या गळ्यातली भंडाऱ्याची पिशवी परंपरेने वाघाच्या कातड्याची असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा कातड्यांचा व्यापार गुन्हा ठरत गेला आणि वाघ्याची पिशवी कापडाची झाली. त्यामुळे खंडोबाच्या जागरणात काही उणे पडल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. अरुणाचल प्रदेशातील न्यीशी लोकांनीही असेच केले. त्यांच्या पारंपरिक टोपीवर धनेश पक्ष्याची चोच असे. पक्षी संपत चालले तेव्हा वन्यजीवरक्षकांच्या साहाय्याने काचतंतूची बनविलेली चोच बसविण्याची प्रथा पडली. दक्षिण आफ्रिकेतील शेंबे पंथाचे झुलू भाविक धर्मविधीत बिबट्याचे कातडे खांद्यावर घेत. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांतील हजारोंनी हुबेहूब छापलेल्या कृत्रिम फरचे उपरणे स्वीकारले. तिबेटी बौद्धांची गोष्ट तर आपल्या अधिक जवळची आहे. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातील अमरावती येथे कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी वाघ, बिबट्या व पाणमांजर यांच्या कातड्यांचे कपडे घालणे सोडा, असे सांगितले. त्यानंतर काही आठवड्यांतच तिबेटमध्ये लोकांनी पिढीजात, अतिशय मोलाची कातडी चौकात आणून जाळली. ज्यांच्याकडून आपण हिवाळ्यात स्वेटर विकत घेतो, ते रस्त्याकडेचे तिबेटी विक्रेते याच समाजातले.

परदेशातील फरचा उद्योग निराळ्या प्रकारचा आहे. तेथे शिकार थोडी आणि पैदास जास्त. मिंक हा मुंगसाएवढा, पाण्याकाठी राहणारा प्राणी. त्याला जन्मभर तारेच्या अरुंद पिंजऱ्यात ठेवतात आणि हिवाळ्यात केस दाट झाले की मारतात. डेन्मार्कमध्ये करोनाचा विषाणू मिंकमध्ये शिरल्याचे आढळले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील सरकारने देशभरातील दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा हुकूम काढला. एका छोट्या देशात एवढे प्राणी पिंजऱ्यांत होते, हे कित्येकांना त्या दिवशीच कळले. इंग्लंड व वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळण्यास २००० सालच्या कायद्याने बंदी झाली. इस्रायलने २०२१ मध्ये फॅशनसाठी फर विकण्यासच बंदी केली. भारतानेही जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली. गुच्चीसारख्या बड्या पेढीने त्याच वर्षी फर सोडत असल्याचे जाहीर केले. एकंदरीत खऱ्या फरचे दिवस भरत आले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

तिची जागा घेतली कृत्रिम फरने. १९५० च्या दशकात ॲक्रिलिक धागा बाजारात आला आणि केसाळ कापड स्वस्तात विणता येऊ लागले. आज ती इतकी हुबेहूब होते की उलट फसवणूकही घडते: पैदाशीचे कातडे काही ठिकाणी इतके स्वस्त पडते की खरी फर 'कृत्रिम' म्हणून खपविली जाते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये अशाच प्रकारांबद्दल काही विक्रेत्यांवर कारवाई केली होती. आमचे बारावे जाकीटही त्याच वाटेने आले असावे. आतल्या चिठ्ठीवर फरचा उल्लेख नव्हता.

येथपर्यंत मुलांचा निकाल झाला होता. कृत्रिम ते चांगले, खरे ते वाईट. पाठ येथेच संपविला असता तर सोपे झाले असते. परंतु आमची शाळा आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीजवळ आहे, आणि कारखान्यात तयार झालेली वस्तू निष्पाप असते असे आमच्या मुलांना सांगणे कठीण आहे. त्यांच्या आईवडिलांपैकी कित्येक जण त्याच कारखान्यांत राबतात. पावसाळ्यात कोणत्या रात्री कोणत्या बाजूने वास येतो, हे मुलांना तोंडपाठ आहे.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात आम्ही वर्ग घेऊन वालधुनीच्या काठी गेलो. काकोळ्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाला वळसा घालते, उल्हासनगरातून कल्याणकडे जाते आणि खाडीला मिळते. शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, त्या काळी देवळाशेजारून वाहणारे पाणी लोक पीत असणार. आज त्याला नदी म्हणावयास मुले तयार नव्हती. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर कोणी तरी टँकरमधून रसायन आणून या पाण्यात ओतले आणि विषारी वायूने उल्हासनगरातील शेकडो लोकांना रात्रीतून रुग्णालयात जावे लागले. ती रात्र आठवणारे पालक आमच्या सभेला येतात.

आता यातली खरी मेख पाहा. वालधुनी अनेक वर्षे निळी वाहिली ती जीन्समुळे. उल्हासनगरची जीन्स देशभर जाते; ती फिकी, मऊ व जुनाट दिसावी म्हणून धुण्याचे शेकडो छोटे कारखाने नदीच्या कडेने उभे राहिले. वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांतील अनेक कारखाने बंद केले, आणि त्याबरोबर हजारो हातांचे कामही गेले. जीन्स कशाची? कापसाची. तिच्यासाठी एकही प्राणी पिंजऱ्यात घातला नव्हता, एकाचेही कातडे सोलले नव्हते. तरी नदीतला मासा मेला. कातड्याला हात न लावताही जीव घेता येतो, हे मुलांनी त्या काठावर उभे राहून ओळखले; आम्हांला सांगावे लागले नाही.

कृत्रिम फरची गोष्टही काहीशी अशीच. ॲक्रिलिक व पॉलिएस्टर खनिज तेलापासून होतात. ते कुजत नाहीत. धुताना त्यांतून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ सालच्या अभ्यासात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू पाण्यात गेल्याचे आढळले. हे तंतू गाळणीत अडकत नाहीत, खाडीत जातात, माशांच्या पोटात जातात. मिंक पिंजऱ्यातून सुटला आणि बोंबील संकटात आला, असे एका विद्यार्थ्याने आपल्या वहीत लिहिले. वाक्य थोडे नाटकी आहे, पण आम्ही ते खोडले नाही.

यावर खऱ्या फरचे व्यापारी म्हणतात की फर नैसर्गिक आहे, तीस वर्षे टिकते, मातीत मिसळते. म्हणून तीच पर्यावरणाची मित्र. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु मिंक मांसाहारी आहे. नेदरलँड्समध्ये २०११ साली झालेल्या एका अभ्यासात असा हिशेब निघाला की एक किलो फरसाठी अकराहून अधिक मिंक लागतात आणि ते साडेपाचशे किलोहून अधिक खाद्य खातात. हा अभ्यास प्राणीरक्षक संस्थांच्या सांगण्यावरून झाला होता, हे सांगितलेच पाहिजे. तथापि प्राण्याला खाऊ घातल्याशिवाय केस वाढत नाहीत, हे समजण्यास अभ्यासाचीही गरज नाही. शिवाय कातडे कुजू नये म्हणून त्याला रसायनांत घालावे लागते. जे कुजू नये म्हणून एवढा खटाटोप केला, ते चटकन मातीत मिसळते असे म्हणणे हा दोन्ही हातांनी लाडू खाण्याचा प्रकार झाला.

मग आमचे मत काय? तुलना खरी फर आणि कृत्रिम फर एवढ्यापुरतीच असेल, तर आम्ही कृत्रिम फरच्या बाजूचे आहोत. जन्मभर पिंजऱ्यात फिरून मरणारा जीव हा हिशेबातला एक आकडा नव्हे. पण ही तुलना एवढ्यापुरती ठेवण्यातच बाजाराची चलाखी आहे. आपल्या घरी कोणाकडे मिंकचा कोट होता, म्हणून आपण आता नकली घ्यावा? थंडीला स्वेटर पुरतो, शाल पुरते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी आपल्या धनगरांनी शेकडो वर्षे विणली. मेंढी कातरली जाते, मरत नाही. घोंगडीला चिंचोक्यांची खळ लावतात, ती पाऊस अडवते, आणि जुनी झाली की बांधावर टाकली तरी कोणाचे बिघडत नाही. ती बोचते हे खरे. आमच्या मुलांनीही हाच आक्षेप घेतला.

कृत्रिम रेशमाचा तर अख्खा इतिहासच आपल्या दाराशी आहे. शहाडची सेंच्युरी रेयॉन १९५० च्या दशकापासून व्हिस्कोसचा धागा काढते, आणि पलीकडे मोहन्याला नॅशनल रेयॉन होती, ती आता बंद आहे. आमच्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांचे आजोबा या दोन भोंग्यांवर उठत-झोपत असत. व्हिस्कोसची कृती इंग्लंडमध्ये १८९२ साली सापडली. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवावयाचा, कार्बन डायसल्फाइडने तो मधासारखा पातळ करावयाचा, आणि बारीक छिद्रांतून आम्लाच्या हौदात सोडून त्याचा धागा ओढावयाचा. रेशमी लखलखाट येतो आणि एकही कोष उकळावा लागत नाही. खऱ्या रेशमाच्या एका साडीला हजारो कोष लागतात, आणि धागा अखंड निघावा म्हणून आतल्या किड्यासह ते गरम पाण्यात टाकले जातात. या दृष्टीने पाहता रेयॉन ही दयेचीच वस्तू. पण कार्बन डायसल्फाइड मज्जातंतूंवर आणि हृदयावर परिणाम करते, हे वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तेव्हा किडा वाचला त्याचा आनंद मानताना हौदापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासाकडेही पाहिले पाहिजे. योग्य यंत्रे व बंदिस्त हौद असतील तर ते साधते. खर्च मात्र करावा लागतो. आमच्या एका सहकारी शिक्षिकेचे वडील रेयॉनच्या खात्यात होते. त्या एवढेच म्हणाल्या की घरी आल्यावर त्यांच्या सदऱ्याला कुजक्या अंड्यांचा वास येई, आणि लहानपणी त्यांना तो वडिलांचाच वास वाटे.

रेशमाचा हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. विनयपिटकात आळवी येथील भिक्षूंची कथा येते. ते रेशीम करणाऱ्यांच्या दारी जाऊन म्हणाले की आमच्यासाठी पुष्कळ कोष उकळा, आम्हांला आसन करावयाचे आहे. त्यावर ते कारागीर चिडले. आम्ही पोटासाठी, बायकामुलांसाठी हे जीव मारतो, ते आमचे दुर्दैव. तुम्हांला काय गरज, असा त्यांचा बोलण्याचा भाव होता. भगवंतांनी दोष कारागिरांना दिला नाही. मागणाऱ्यांना दिला, आणि रेशीममिश्रित आसन करविण्यास मनाई केली. दुसरी कथा महावग्गातील चर्मस्कंधकात आहे. एका भिक्षूला चित्त्याच्या पिल्लासारखे ठिपकेदार, देखणे वासरू दिसले. त्याने उपासकाकडे त्याच्या कातड्याची इच्छा बोलून दाखविली. उपासकाने वासरू मारले. भिक्षू ते कातडे चीवरात लपवून निघाला, आणि वासराची आई हुंगत हुंगत त्याच्या मागोमाग चालू लागली. भिक्षूंनी विचारले, ही गाय तुझ्या मागे का येते? तो म्हणाला, मला ठाऊक नाही. पण चीवराला रक्त लागले होते.

हा प्रसंग वाचून दाखविला तेव्हा सातवीचा वर्ग ज्या रीतीने बसला होता, ते आम्ही विसरणार नाही. भिक्षूने स्वतः सुरी हाती घेतली नव्हती. त्याने फक्त 'मला हे हवे' असे म्हटले होते. बाजारात गिऱ्हाईक नेमके तेवढेच म्हणते.

तथापि त्याच प्रकरणात पुढे अवंती-दक्षिणापथाचा प्रश्न येतो. सोण कुटिकण्ण नावाचा भिक्षू आपले गुरू महाकात्यायन यांच्या वतीने विनंती घेऊन येतो की आमच्याकडे मेंढी, बकरी व हरीण यांची कातडी अंथरण्याची चाल आहे. आणि सीमेवरील प्रदेशांपुरती तशी मुभा दिली जाते. दक्षिणापथ म्हणजे आपलीच दिशा. नियम कडक, पण माणसे कोठे राहतात व त्यांना काय मिळते याकडे पाहून केलेला. सरसकट निकाल देऊन मोकळे होणाऱ्यांनी ही मुभा लक्षात ठेवावी.

आम्हांस ती लक्षात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. कातड्याचा विषय निघाला की आपल्या समाजात आवाज खाली येतो. मेलेले ढोर ओढणे, ते सोलणे, कातडे कमावणे ही कामे जातीवर लादली गेली, आणि ती करणाऱ्यालाच अपवित्र ठरविले गेले. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावरांचे मांस व ती ओढण्याचे काम सोडण्याचा निश्चय झाला, तो प्राणीदयेपोटी नव्हे, माणुसकीपोटी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेबांनी महाड येथे स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे जड दागिने का टाकावेत आणि स्वच्छ का राहावे, हे समजावून सांगितले. कोणी काय नेसावे हे गाव ठरवीत असे, तेथे आपल्या आज्यांनी लुगड्याचा घोळ पायापर्यंत सोडला. कपड्याची निवड ही नीतीची गोष्ट आहे, हे आम्हांला पॅरिसच्या पेढ्यांकडून शिकण्याचे कारण नाही.

म्हणूनच प्राणीदयेच्या नावाने माणसाला झोडपणे आम्हांस मान्य नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मोटारीला बांधून मारले गेले. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि धारावीतील चर्मकारांचे काम आटले. त्या कारागिरांनी कमावलेले कसब वाया जाऊ नये म्हणून सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' उभा केला. तेथे टाकाऊ रबरापासून पिशव्या बनतात, आणि जो शब्द शिवी म्हणून वापरला जाई तो पिशवीवर अभिमानाने छापला जातो. कृत्रिम चामड्याचा एवढा सन्मान आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. कोल्हापुरी चपलेचेही तसेच. बाभळीची साल व हिरडा यांत महिनोन्महिने कमावलेले ते कातडे. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र व कर्नाटकाचे मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. ती चप्पल घालणाऱ्याला आम्ही पापी म्हणणार नाही. उलट, 'प्राणीविरहित' म्हणून विकला जाणारा रेक्झीनचा बूट दोन पावसाळ्यांत सोलून निघतो आणि कचराकुंडीत जातो, तेव्हा तेथे तो वेचणारा माणूसही बहुधा आपल्यातलाच असतो.

तेव्हा धागा कशाचा, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा की तो किती दिवस अंगावर राहतो. विनयात नवे आसन केले की ते सहा वर्षे वापरावे, असा नियम आहे. आणि बसावयाचे नवे आसन करताना जुन्याचा वीतभर तुकडा त्यात शिवावा. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, आणि त्या व्याजातून वीस भिक्षूंना दरसाल चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत असे कोरून ठेवले. मुलांनी फळ्यावर गणित केले: वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस भिक्षू, बरोबर बारा. एका माणसाचे वर्षाचे वस्त्र किती, याचा हिशेब मराठी मातीत दोन हजार वर्षे दगडावर लिहिलेला आहे. आपल्या कपाटांचा हिशेब काढावयास आम्ही पालकसभेत सुचविले, तेव्हा मात्र हशा पिकला आणि विषय पुढे गेला.

सर्वांत अधिक रंगली ती आनंदाची गोष्ट. (आनंदनगरात आनंदाची गोष्ट रंगावी, हा योगायोग मुलांनीच हेरला.) भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर कौशांबीत राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. राजाला संशय आला, हा श्रमण कापडाचे दुकान काढणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे? गादीची खोळ. खोळीचे? जमिनीवरचे अंथरूण. त्याचे? पायपुसणे. त्याचे? झाडण्याचे फडके. आणि जुन्या फडक्याचे? त्याचे तुकडे करून चिखलात कालवू आणि भुई सारवू. राजाने खूश होऊन आणखी पाचशे चीवरे दिली. आमच्या मावशींनी ही गोष्ट दारात उभे राहून ऐकली आणि म्हणाल्या, यात नवीन ते काय, आमच्या आईच्या गोधडीत तिच्या आईचे लुगडे होते.

ॲक्रिलिकचे पायपुसणे होते, फडकेही होईल; पण त्याने भुई सारवता येत नाही. आनंदाच्या साखळीतली शेवटची कडी तेथे तुटते. मका वगैरे वनस्पतींपासून काही अंशी धागा काढून कृत्रिम फर बनविण्याचे प्रयोग परदेशी चालू आहेत. ते साधले तर उत्तम. तोवर जी कृत्रिम फर अंगावर आहे ती फाटेपर्यंत वापरावी, कमी वेळा धुवावी, ऊन दाखवावे आणि नवी घेण्याची घाई करू नये, एवढे आम्ही मुलांना सांगितले.

उरले बारावे जाकीट. त्याचे काय करावे यावर वर्गात दोन तास वाद झाला. तिबेटी लोकांप्रमाणे जाळावे, असे काहींचे मत होते. काही म्हणाले, पट्टी उसवून बोधिवृक्षाखाली पुरावी. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, ती म्हणाली की भिक्षू श्मशानात टाकलेल्या चिंध्या शिवून पांघरत असत, मग टाकून दिलेले जाकीट वापरण्यात दोष कसला. दोष ज्याने मागितले त्याचा, आणि आपण तर मागितले नव्हते. यावर मागच्या बाकावरून एक आवाज आला: "पण आपण ते घालून हिंडलो, तर बघणारा म्हणेल, मला पण तसेच पाहिजे." याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. आमच्यापाशीही नव्हते.

अखेर मुलींनी टोपीची पट्टी उसवली आणि शिवणवर्गातील जुन्या कापडाची गोट त्या जागी लावली. जाकीट पाचवीतल्या एका नव्या मुलाला आले. त्याला या साऱ्या चर्चेचा पत्ता नाही, आणि ते त्याला गुडघ्यापर्यंत येते. पट्टी विज्ञानाच्या कपाटात, अकरा मण्यांच्या बाटलीशेजारी ठेवली आहे. तिच्याखाली चिठ्ठी लावावयाची आहे, पण प्राणी कोणता हे अद्याप कोणाला ओळखता आलेले नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला असल्यास त्यांनी शाळेत येऊन ती पाहावी.